कुठे टोचतंय?

३ फेब्रुवारी, सोमवार
डॉक्टरीणबाईंनी आज सगळ्यांसमोर झाडलं. "कवळ्या तुम्ही उत्तम बनवता, पण वेळेच्या नावाने शंख! आता उशीर झाला तर काम दुसऱ्याकडे जाईल." खोटं काय आहे त्यात? मेण वितळेपर्यंत मोबाईल. मेण थिजेपर्यंत मोबाईल. मग टेबल आवरणं — काम टाळायचं असलं की मला स्वच्छतेचा झटका येतो! मग शेजारच्या चष्मेवाल्याकडे चहा. त्याला स्वतःचं दुकान सोडून साऱ्या जगाची काळजी.
उद्यापासून बंद.

४ फेब्रुवारी
मोबाईल चष्मेवाल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तो म्हणाला, "चोराच्या हाती किल्ल्या दिल्यास की रे!" दिवसभर हात सारखा खिशाकडे. पण अडलेलं काम संपलं.

७ फेब्रुवारी
आईची कवळी झाली एकदाची! गेलं वर्षभर 'उद्या, उद्या' चाललं होतं. मुलगा गावाला दात पुरवतो आणि आई घरात बोळकी. लाज वाटते. चपखल बसली. आईने आरशात बघितलं. "अगं बाई, मी तर माझ्या आईसारखी दिसायला लागले!"

९ फेब्रुवारी
आईला टोचतंय. "कुठे?" — "इथे. नाही, जरा मागे." समोर खुर्ची ओढून बसलो, बारीक कानशीने घासून दिली. तेवढ्या वेळात ती शाळेतल्या मैत्रिणीची गोष्ट सांगत होती. कवळी माझ्या हातात, त्यामुळे निम्मी कळलीच नाही.

१२ फेब्रुवारी
पुन्हा टोचतंय.

१३ फेब्रुवारी
आज उजवीकडे!

१८ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई खूश. नुसत्या निश्चयाने सवय मोडत नाही, वस्तूच हातापासून लांब ठेवावी लागते — एवढं शिकलो. उरली संध्याकाळ. घरी आलो की आईची कवळी आहेच! हीसुद्धा एक वेळखाऊ सवयच झाली. आज वैतागून म्हणालो, "आई, रोज रोज नाही जमणार. रविवारी काय ते एकदम सांग." "बरं," म्हणाली. "तुझाही वेळ जातो."

२१ फेब्रुवारी
आईची तक्रार नाही. संध्याकाळी घरीच बसून साचलेलं काम उरकलं. छान वाटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार
जेवताना आईची कवळी ताटात पडली. तिने पटकन उचलून मांडीवर लपवली.
हिसकावूनच घेतली मी. पार ढिली झालीये. गिऱ्हाइकाच्या हिरड्या मी आधी विजेरी लावून बघतो — टोचत असेल तिथे लालसर वळ दिसतोच, तेवढ्यापुरतंच घासायचं. आईच्या कधी बघितल्याच नाहीत. घरचंच माणूस! ती बोट दाखवेल तिथे घासत सुटलो. आज बघितल्या. गुलाबी, स्वच्छ. कुठेही वळ नाही, जुनासुद्धा नाही. आणि कवळी मात्र कामातून गेली.
पानावरून उठलो. पुढे जेववेना.

२४ फेब्रुवारी
विचारलंच शेवटी. "टोचत नव्हतं, तर सांगत का होतीस?"
आईने हातातली कवळी पदराने पुसली. मग म्हणाली, "तेवढ्यासाठी तरी समोर बसायचास."