शोभीचं कडवं

२८ सप्टेंबर
भुलाबाईच्या गाण्यांचा अल्बम काल नेटवर आला. गीत-संगीत : अस्मादिक. सुधाने पेढे वाटले. नवऱ्याचं नाव मोबाइलवर दिसलं की बायकोला तो एकदम मोठा वाटू लागतो.
गाणी इथल्याच गढा भागातल्या कुसुमकाकूंची. म्हणजे त्यांच्या आजीची. म्हणजे खरं तर कुणाचीच नाहीत, असं स्वतःला समजावलंय. उन्हाळ्यात काकूंच्या ओसरीवर बसून मोबाइलवर भरून घेतली, मग नागपूरच्या एका गायिकेकडून गाऊन घेतली. तिथल्या गाण्यांच्या कंपनीचे टेंभरे म्हणाले, "पारंपरिक नका लिहू. कोणीबी उचलते. तुमचं नाव टाका, मंग पहारा ठेवता येते." टाकलं. माझे भजनांचे ट्रॅक शहरभर पेनड्राइव्हवर फुकट वाजले, तेव्हा कुणाला लाज वाटली होती?

३ ऑक्टो.
फॅक्टरीत अभिनंदन. "भैया, पार्टी कब?" हसून वेळ मारून नेली. काकूंना अजून ऐकवलं नाही. का नाही, ते इथेही लिहायला नको वाटतं.

७ ऑक्टो.
काल कोजागिरी. काकूंकडे भुलाबाईची शेवटची गाणी. एकही वर्ष चुकवलं नव्हतं, काल ड्यूटी सांगितली. ड्यूटी नव्हती.
काकूंची मुलगी शोभा भिलाईहून येऊ शकली नाही, नवऱ्याचं ऑपरेशन. म्हणून तिच्यासाठी शेजारच्या मुलीने सगळं व्हिडिओत घेऊन नेटवर टाकलं. आज काकूंचा फोन, "अरे दिलीप, शोभीले माझं नुसतं तोंड हलताना दिसून राहिलं, आवाजच नाही. मोबाइल बिघडला काय?"
बिघडला नाही. उघडून पाहिलं. खाली लिहिलंय, या गाण्यांवर दुसऱ्याचा हक्क आहे म्हणून आवाज बंद. दुसरा म्हणजे मी.


८ ऑक्टो.
टेंभरेंना फोन. ते खुशीत. "पहारा काम करून राहिला ना भाऊ. चाल जुळली का मशीन पकडतेच." म्हटलं, बाई ओळखीच्या आहेत. "मंग त्याहिले आक्षेप टाकाले सांगा, पाहू." गाणी त्यांचीच आहेत, एवढं वाक्य तोंडातून निघालं नाही.

९ ऑक्टो.
गढ्याला. काकूंनी चहा ठेवला. "तू शिकलेला, तुले समजते. कोणी म्हणते हे गाणे माहे नाहीत. काहून? मी कोणाचं चोरलं?"
त्यांच्या नावाने आक्षेप मीच लिहिला. त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. गाणी आजीची, शोभाचं कडवं काकूंचं स्वतःचं. ज्या घरी भुलाबाई, त्या घरच्या मुलीचं नाव गाण्यात घालायची रीत. शोभा एकदा रुसून नर्मदेवर जाऊन बसली होती, तेव्हापासून काकू गातात :
शोभी रुसली गं बाई, ग्वारीघाटी बसली गं बाई.
तिला शोधायला मीही धावलो होतो.
घरी येऊन अल्बम लावला. नागपूरची गायिका शोभाचंच नाव घेते. निदान नाव तरी बदलायचं. चोरीतसुद्धा आळशीपणा.

११ ऑक्टो.
कुणीतरी काकूंना दिलीपचा अल्बम म्हणून ऐकवला. फोन आला. त्या म्हणतात, "तुह्या गाण्यातली पोरगी आपल्या शोभीचं नाव घेते रे. तूच सांगितलं असशील तिले. शोभीले पाठवलं तर रडली. म्हणे, आई, तुझा नाही तर तिचा तरी आवाज आला." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. खाली गीत-संगीत म्हणून माझं नाव इंग्रजीत आहे, त्यांना वाचता येत नाही. आवाज माझ्यामुळे बंद झाला, हे मी सांगितलंही नाही. लाज वाटते.

१३ ऑक्टो.
आक्षेप माझ्याकडेच आला. ज्याने हक्क सांगितला, उत्तर त्यानेच द्यायचं. मी लिहिलेलं मलाच वाचायला. चांगलं लिहिलंय.
टेंभरे : "अमान्य करून टाका. मान्य केलं तर अख्खा अल्बम उतरवा लागते. अन् मंग पुढचंबी आपलं जमणार नाही." पुढचं म्हणजे माझ्या स्वतःच्या चालींचा अल्बम. खरोखर माझ्या.
सुधाला सगळं सांगितलं. मेथी निवडत राहिली. मग एवढंच, "अल्बमचे पेढे मी गढ्यालाही पाठवले होते."

१४ ऑक्टो.
काकूंकडून डबा. झाकण दोऱ्याने आवळलेलं. पाठोपाठ फोन. "कोजागिरीचा तुहा खाऊ राहिला होता. उघडू नको, पयले ओळख." लहानपणीही हेच. गाणी संपली की त्या डबा हलवायच्या, आम्ही आवाजावरून ओळखायचो. ओळखल्याशिवाय कुणाला काही मिळायचं नाही.
हलवला. करंज्या. लगेच कळलं.
समोर लॅपटॉप. मान्य, अमान्य.
"ओळखलं काय?"
"ओळखलं, काकू."
"मंग सांग ना."
सांगितलं की खाऊ माझा, म्हणून डबाच पुन्हा हलवला.
"अच्छा, नाही आलं वाटते. घे सावकाश. तुह्या आधी कोणाले नाही सांगत."
उद्या येऊन सांगतो, म्हणालो. उत्तर अजून दिलेलं नाही. डबाही बांधलेलाच आहे.