खरूज नोहे

मेडशी

वैभवी, सूनबाई,

तू बाळाले घेऊन जऊळक्याले माहेरी गेली, त्याले बारा दिवस झाले. "आत्याबाईले खरूज झाली, बाळाले लागंल," असं तू माह्याबद्दल लखनले सांगून राह्यली होती, ते म्या आयकलं. तुह्यावर राग नाही. खाजवू खाजवू पायातून रक्त निघे, मलेच भेव वाटे.

काल एकटीच वाशीमले गेली. डॉक्टरीणबाईनं इचारलं, "पाळी कधी बंद झाली?"

म्या खाली पाहून सांगतलं, "दीड वर्स झालं."

"मावशी, त्यामुळेच कातडी कोरडी पडली. खरूज नाही, कोणाला लागत नाही. कोमट पाण्याने आंघोळ करा, साबण कमी लावा, अंग ओलं असतानाच मलम लावा."

घरी लखननं इचारलं, "काय म्हणे डॉक्टर?" पोराले पाळीचं कसं सांगू? "काई नाही," म्हटलं. त्याचा इश्वास बसला नाही.

तुले दोनदा फोन लावला. तुह्या आईनं उचलला, म्या ठेवून देल्ला. हे पत्रही लखनच्याच हाती देणं पडंल, अन् तो वाचल्याबिगर राहनार नाही. म्हणून धाडत नाही.

मलमानं पायाची खाज कमी झाली. पाठीवर मात्र माहा हात पुरत नाही, बाई.

तुही सासू,
प्रयागबाई