मराठीच्या कार्डाला जागा

आलापल्ली, ९ जानेवारी १९८९

ति. श्रावणभाऊस,
कांताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आई बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. घरी दोन ओळी लिहायला तुला फुरसत नाही, पण आमच्या वनखात्याच्या साहेबांना नव्या कॉम्प्युटरचं माहितीपत्रक पाठवायला बरी मिळाली! खाली तुझी सही पाहून मी ऑफिसभर मिरवले.

आता काळजीचं. आमचा जुना कॉम्प्युटर धुळीनं गेला. आतलं मराठी अक्षरांचं कार्ड मात्र शाबूत आहे. त्याच्याच जोरावर मी गावोगावच्या नोटिसा छापते, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवू नका, जंगलाला आग लागते, अशा. तुमच्या यंत्रात हे कार्ड बसेल का? नसेल तर साहेब चंद्रपूरहून इंग्रजी टायपिस्ट आणणार म्हणतात, आणि मी तर टेम्पररी. खरं काय ते कळव.

तुझी,
कांता

नागपूर, १७ जानेवारी १९८९

चि. कांतास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

खरं सांगतो, बसणार नाही. कार्ड ज्या खाचेत बसतं तिला आम्ही स्लॉट म्हणतो. तुमच्या जुन्या यंत्रात आखूड स्लॉट होते. पुढे मधली जात आली, तिनं जुनी खाच तशीच ठेवून तिच्यापुढे एक तुकडा जोडला. तिथे नवं लांब कार्ड बसतं आणि जुनं आखूडही. आताची जात वेगळीच. वेगवान आहे, कार्डावरचे बारीक खटके हातानं लावत बसावं लागत नाही. पण घर नवं बांधावं आणि जुनी खाट दारातून आत जाऊ नये, तशी गत. जुनं एकही कार्ड तिथे जात नाही. मराठीचं कार्ड या जातीसाठी अजून माझ्या पाहण्यात नाही.

आमचे शेठ मात्र हीच जात खपवा म्हणून मागे लागलेत. मला अजून कायम केलेलं नाही; आलापल्लीचा सौदा झाला की करू म्हणतात. जेवण गोड लागत नाही बघ.

तुझा,
श्रावणभाऊ

आलापल्ली, २५ जानेवारी १९८९

ति. श्रावणभाऊस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून आधी रडू आलं, मग तुझीच दया आली. कार्ड बसत नाही हे साहेबांना तू लिहू नकोस. तू कायम झालास तर आईचा गुडघा नागपूरच्या डॉक्टरांना दाखवता येईल. मी इंग्रजी टायपिंग शिकायला घेते.

आमच्या लाकूड डेपोतले रामाजी सुतार कार्ड हातात घेऊन म्हणाले, काऊन घाबरता बाई, रंधा मारून बसवून देतो. मी कार्ड घाईघाईनं कपाटात ठेवून कुलूप लावलं! तब्येतीला जप.

कांता

नागपूर, ४ फेब्रुवारी १९८९

चि. कांतास,
अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही. साहेबांना कळवून टाकलं की मधल्या जातीचं यंत्र घ्या, तुमचं कार्ड त्यात बसेल, कामही भागेल. तेही आमच्याकडेच मिळतं, म्हणून शेठ काही बोलले नाहीत. माझं उत्तम चाललं आहे. इंग्रजी जरूर शीक, पण भीतीपोटी नको. यंत्र बसवायला मीच येईन. आईला लाखोळीच्या डाळीचे वडे करायला सांग.

श्रावणभाऊ

आलापल्ली, २ मार्च १९८९

ति. श्रावणभाऊस,
सप्रेम जयभीम.

हे पत्र हातानं लिहिलेलं नाही, यंत्रावर छापलं आहे. कार्ड पहिल्या झटक्यात बसलं. साहेबांनी मला कायम करायला वर लिहिलंसुद्धा. मोहफुलं पडायच्या आत नोटिसा गावांत पोचतील.

पण तू आला नाहीस. तुमच्या कंपनीचे वामनराव आले, वडे त्यांनीच खाल्ले. स्क्रू आवळता आवळता त्यांनी सांगितलं की तुझं पत्र साहेबांकडे गेल्याचं कळलं त्याच दिवशी शेठनी तुला काढून टाकलं. मी तुझं ‘माझं उत्तम चाललं आहे’ लिहिलेलं पत्र काढून पुन्हा वाचलं.

आईला सांगावंच लागलं. ती म्हणाली, त्याले लिह, काम गेलं त मी रागावत नाई, पण मायपासून लपवलं काऊन? त्याले म्हण, घरी ये.

हे पत्र वामनरावांच्या हातीच पाठवते आहे. लोभ आहेच, तो वाढावा, असं शेवटी लिहायची रीत. पण भाऊ, माझ्यावरचा लोभ आता याहून वाढवू नकोस. मला पेलवत नाही.

तुझी,
कांता