शरीररचना विभागाच्या चादरी

ती. भावोजी यांना धाकट्या मेहुणीचा नमस्कार.

आपण आणि ताई धडधाकट आहात असं धरूनच चालते. तब्येतीची चौकशी करायला हवी, पण सध्या हॉस्पिटल, स्ट्रेचर असले नुसते शब्द निघाले तरी मी कानांवर हात ठेवते.

आमचं शिवणकाम तुम्ही पाहिलंय. गॅरेजच्या वरच्या दोन खोल्या, मी, धाकटी जाऊ आणि चार बायका. आमच्याकडून पडदे शिवून घेणारं मोठं दुकान बंद पडलं आणि मशीनवरची आच्छादनं निघेनात. तेव्हा जाऊ बातमी घेऊन आली, की सरकारी मेडिकल कॉलेजनं कापडाचं टेंडर काढलंय, आणि ते भरायला छोट्या धंद्यांसाठी, त्यातही बायकांच्या धंद्यांसाठी (म्हणजे आजवर ज्यांना फाटकातच अडवलं अशांसाठी), मदतकक्ष उघडलाय. तिथल्या बाई म्हणजे उत्साहाचा धबधबा. मी म्हटलं, अनामत भरायला जमणार नाही. त्या म्हणाल्या, छोट्यांना माफ आहे. मी म्हटलं, अख्ख्या कॉलेजचं कापड आमच्याच्यानं शिवून व्हायचं नाही. त्यांनी वरच्या साहेबांशी भांडून टेंडरचे तुकडेच पाडून आणले. मी म्हटलं, मला असले अर्ज भरता येत नाहीत. त्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. भावोजी, शत्रू परवडला, त्याला निदान टाळता येतं! शेवटी ‘चादरी’ एवढा एकच तुकडा मी निवडला. वसतिगृहातली पोरं झोपणार, त्यात घाबरायचं काय? आमच्याशिवाय कुणीच भाव भरला नव्हता, हे कळलं तेव्हाच खरं तर मला संशय यायला हवा होता.

मंजुरीच्या कागदावर लिहिलं होतं, ‘शरीररचना विभाग’. जाऊ म्हणाली, “व्यायामशाळा असेल.”

आम्ही दोघी मापं घ्यायला गेलो. इमारतीच्या मागे लांबलचक बोळ, आणि डोळे चुरचुरतील असा औषधाचा वास. (व्यायामशाळेत असा वास कसा, हे मी मनात म्हटलं, मोठ्यानं म्हणायचा धीर झाला नाही.) तिथली देखभाल करणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी दार उघडलं. आत स्टीलची टेबलं, प्रत्येकावर पांढरं कापड, आणि कापडाखाली... पुढचं तुम्हीच समजून घ्या. एका टेबलावरून पाय बाहेर आले होते. जावेनं माझा दंड घट्ट धरला, मग सोडला, आणि ती सरळ जमिनीवरच आडवी झाली. गृहस्थांनी तिला उचलून बाहेर बाकावर नेलं. तेवढा वेळ मी आत एकटी होते. एकटी म्हणजे, तसं म्हणता येणार नाही, पण बोलणारी एकटीच. पळून जावं, टेप तिथेच टाकावी, कंत्राट गेलं खड्ड्यात, असं वाटलं. पण मग आमच्या चार बायका डोळ्यांपुढे आल्या आणि पाय हलेनात. (किंवा भीतीनंच हलत नसतील, नक्की सांगता येत नाही.)

ते परत आले आणि म्हणाले, “घाबरू नका ताई. ही माणसं राजीखुशीनं आलीत. पोरांनी शिकावं म्हणून जिवंतपणी सही करून गेलीत.” त्यांनी चादर ओढून ते पाय झाकले, तर डोकं उघडं पडलं. डोकं झाकलं, तर पुन्हा पाय. ओशाळून ते म्हणाले, “आधीचा ठेकेदार सगळ्या एकाच मापाच्या द्यायचा. उंच माणूस आला की मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. तेवढं बघाल का?”

त्या टाचा भेगाळलेल्या होत्या, आमच्या बाबांच्या होत्या तशा. भीती गेली म्हणणार नाही, पण तोंडातून शब्द निघाला, “बघते.”

घरी येऊन बायकांना सांगितलं तेव्हा सगळ्या मशीन एकदम थांबल्या. मग आमच्यातली सगळ्यात जुनी बाई म्हणाली, “चला, निदान गिऱ्हाईक तक्रार तरी करणार नाही.” कुणीतरी खुदकन हसलं, आणि मशीन सुरू झाल्या. काठाला दुहेरी शिवण घालतोय, धागा दिसू द्यायचा नाही असं ठरवलंय.

बाकी क्षेम. हे लिहिताना खोलीतला दिवा आणि रेडिओ दोन्ही लावून बसलेय.

आपली भित्री मेहुणी

ता. क. टेबलांची मापं घेतली, उंच माणसाचं घ्यायचं राहून गेलं. परत तिथे जाणं माझ्याच्यानं होणार नाही. तुमच्याएवढं उंच आमच्या ओळखीत कुणी नाही, आणि जेवल्यावर तुमच्याइतकं न हलता पडून राहणारंही नाही. रविवारी या. कापायच्या टेबलावर थोडा वेळ आडवं व्हायचंय. फक्त घोरू नका, बायका दचकतील.

ता. क. आणखी एक. चादरी आत नेऊन, त्या माणसांवर घालून दाखवायच्या आहेत. आमच्या वतीनं तुमचं नाव देणार होते, पण मदतकक्षातल्या बाई म्हणाल्या, धंदा बायकांचा, तेव्हा बाईच हवी. म्हणून ताईचं दिलंय. तिला अजून ठाऊक नाही. तुम्ही सांगाल ना? मेलेल्या माणसांना मी घाबरते हे खरं, पण ताईला त्याहून जास्त.