रेडिएटरला दुसरा हात

२१ सप्टेंबर

आले एकदाची! डेअरीतल्या नोकरीबरोबर तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःची किल्ली. खिडकीखालच्या, खोली ऊबदार ठेवणाऱ्या रेडिएटरवर मात्र रंगाची इतकी पुटं चढलीत की फटींतून बोटही जात नाही. सगळ्या मजल्यांतून गेलेल्या एकाच पाइपातून ऑक्टोबरच्या मध्याला त्यात गरम पाणी सोडतात. त्याआधी तो खरवडून, रंगवून, वाळवायला हवा, नाहीतर वासानं घर सोडायची पाळी. माझी ट्रंक वर आणली ती खालच्या मजल्यावरच्या वादिम अर्कादियेविचनं. वर खारवलेल्या कोबीची बरणीही दिली. बायको रुफिना नाजूक आहे, तिला आवाज सोसत नाही, तिनं खालून पाइप ठोकला तर राग मानू नका म्हणाला. राग कसला? शेजारी गोंगाट करू लागला की पाइपवर ठोकायचं, हे आमच्याकडे पोरं बोलायच्या आधी शिकतात.

२५ सप्टेंबर

हिरवा, निळा, साईच्या रंगाचा, तपकिरी, असे थर सुटत गेले. तारेच्या ब्रशनं घासून आज लोखंड उघडं केलं. दोनदा खालून घाईघाईनं ठोकलं गेलं. मी ओशाळले, ब्रश ठेवला, पायातल्या सपातासुद्धा काढल्या. जिन्यात वादिम म्हणाला, "तुमच्यासारखी समजूतदार शेजारीण नशिबानंच मिळते, ताइसिया पेत्रोव्ना." मी दिवसभर खुशीत होते.

२९ सप्टेंबर

प्रायमर लावला. त्याचा कसला आवाज? तरी खालून ठोकणं चालूच. डोकं फिरलं. पाना उचलला आणि मीही पाइपवर तीन ठोके हाणले. खालचं एकदम थांबलं. बरं वाटलं. तळमजल्यावरची नोन्ना सांगत होती, रुफिना एप्रिलपासून कुणाला दिसलेली नाही.

३ ऑक्टोबर

पांढऱ्या रंगाचा पहिला हात दिला. दुपारी पुन्हा ठोके. या वेळी रेडिएटरला कान लावला. "डोकं सरळ धर," खाली वादिम शांतपणे म्हणाला, आणि रुफिनाचं डोकं लोखंडावर आपटलं. पुन्हा म्हणाला. पुन्हा आपटलं. मधे सवड मिळे तेवढ्यात ती ठोकत होती. मला बोलावत होती. आणि मी सपाता काढून गप्प बसले होते, पान्यानं तिलाच गप्प केलं होतं. लाज वाटते मला.

कोपऱ्यावरच्या फोनकडे धावले, तर जिन्यात तो उभा. खिशातून रुमाल काढला.

"कानाला रंग लागलाय, ताइसिया पेत्रोव्ना."

४ ऑक्टोबर

त्याला ओलांडून काल मी फोन केलाच होता, आज पोलीस आला. वादिमकडे चहा प्याला. नवराबायकोचा मामला म्हणाला, गेला. वादिम म्हणजे गोगलगाय आणि पोटात पाय! दुसरा हात द्यायचा राहिलाय. ब्रश धरवत नाही.

५ ऑक्टोबर, सकाळ

किंकाळी. मोठा धक्का, मग लाकूड फुटल्यासारखा आवाज. मग काहीच नाही.

मी हळूच ठोकलं. उत्तर नाही. पुन्हा ठोकलं.

खालून तीन ठोके आले. सावकाश. तिचे नव्हेत.

दहा वाजता

दाराला कपाट लावलंय. तो बाहेर आहे. कुऱ्हाड — दाराची वरची फळी गेली. पात्याला लांब तांबूस केस चिकटलेत —

पाइपवर हलका ठोका. खालून! ती जिवंत आहे. वही ज्याला सापडेल त्यानं आधी खाली जावं, रुफिना जिवंत —

पान्यानं ठोकतेय. जीव खाऊन. वरच्यांनी ऐकलं, त्यांनीही ठोकलं. मग नोन्नानं. मग सगळीकडून —

कुणी येत नाही. अख्खी इमारत मला गप्प बसवतेय —

दुसरी फळी —