भोंगा वाजलेली कॅसेट

१२ सप्टें., शुक्र.
आमच्या लेकीने, पल्लवीने, टीव्हीवर नवी मालिका लावून दिली. हिंदीत डब केलेली. गाण्यांच्या कंपनीचा साहेब, कंपनी बुडायला आलेली, तरी कोटाची इस्त्री कडक. ह्यांना मालिका म्हटलं की कपाळाला आठी. आज मात्र चहा गार होईपर्यंत बघत बसले. पल्लवी म्हणे, "पप्पा, आप देख रहे हो?" तर हे, "असं थोडीच रेकॉर्डिंग करतेत! मागं पंखा चालू हाये."
हसले मी. आमच्या क्वार्टरातही एक कॅसेट कंपनी होऊन गेलीच की. ह्यांची स्टील प्लांटातली ड्यूटी सांभाळून. मागच्या खोलीत खिडकीला गाद्या लावायच्या आणि शिफ्टच्या दोन भोंग्यांच्या मधे गाणी उरकायची.

१९ सप्टें., शुक्र.
आजचा भाग. साहेबाची एक जुनी गायिका. तिची रेकॉर्ड काढायची नाही असं वरून ठरलं, आणि तिला सांगायचं ह्याने. दाराबाहेर नुसत्या फेऱ्या. शेवटी आत जाऊन सांगतो काय, तर मशीन बिघडलं!
तेवढ्यात हे उठून बागेत. हातात पाइप, नळ बंद.
"कावून उठले?"
"काही नाही. डोळे दुखून राहिले."
मग लगेच बातम्या कशा दिसल्या? काहीतरी आहे. मी सोडणार नाही.

२१ सप्टें., रवि.
भुलाबाईच्या खेळाला क्वार्टरांच्या लाइनीतल्या तीनच मुली येतात. गाणी येतात एकीला, बाकीच्या मोबाइलमध्ये बघून म्हणतात. कुसुमताईंची आठवण झाली. ह्यांची धाकटी बहीण, कुम्हारीला दिलेली. काय आवाज होता! भुलाबाईच्या गाण्यांची त्यांची अख्खी कॅसेट मागच्या खोलीत भरली होती. निघालीच नाही. ह्यांनी सांगितलं होतं, शेवटचं गाणं पुन्हा म्हणायचा हट्ट कुसुमने धरला, त्यात दोनचा भोंगा वाजला, सगळं वाया. तेव्हापासून त्या गात नाहीत. आग्रह केला की, "माया गान्यात भोंगा वाजते," म्हणून हसण्यावारी नेतात.
पण एका भोंग्याने अख्खी कॅसेट कशी वाया जाते? इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

२३ सप्टें., मंगळ.
हे पेन्शनच्या कामाला दुर्गला. मी माळ्यावर. ह्यांच्या प्लांटच्या बुटांखाली ती कॅसेट सापडली, वर कुसुमताईंचं नाव. जुना टेप चालतो अजून, जरा रडतो एवढंच.
दोन्ही बाजू ऐकल्या. शेवटचं गाणं दोनदा आहे. दुसऱ्यांदाचं जास्त गोड. मग ताईंचा आवाज, "भाऊ, आता जमलं ना?" आणि ह्यांचा, "जमलं, बाई."
भोंगा कुठेच नाही.
रडू आलं. रागही आला, भाजीत मीठ दोनदा पडलं.

२४ सप्टें., बुध.
विचारलंच. आधी नुसतं हं हं. मग म्हणाले, "रायपूरचा दुकानदार म्हने, इथं मराठी कोन घेते? आवाजही घरगुती हाये म्हने. असं तिले कसं सांगू? भोंग्यावर ढकललं. भोंगा काय भांडाले येते?"
"भोंगा नाही आला, पन तिनं सारं सोताच्या हट्टावर घेतलं ना!"
"मले वाटलं, चार दिवसांत विसरन."
"मग आता सांगा."
"आता? सांगितल्यावर ते बोलन का मायासंग? एकच बहीण हाये मले."
मी कोजागिरीला ताईंना बोलावून घेतलं.

२६ सप्टें., शुक्र.
साहेबाने आजही गायिकेला खरं सांगितलं नाही. "सांगत कावून नाही बे हा?" म्हणून हे टीव्हीवर ओरडले. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. रिमोट शोधायला लागले. हातातच होता.

६ ऑक्टो., सोम., कोजागिरी
ताई आल्या. दिवेलागणीला भुलाबाईची गाणी झाली, ताई टाळ्याच वाजवत होत्या. मग खिरापत ओळखायची. बंद डबा हलवून आत काय ते सांगायचं, ओळखल्याशिवाय झाकण निघत नाही. माझी चिक्की मुलींनी लगेच ओळखली.
तर हे आतून दुसरा डबा घेऊन आले. बायकांच्या खेळात हा माणूस आजवर फिरकलेला नाही. डबा बहिणीपुढे धरला. "ओळख."
ताईंनी हलवला. "खारीक?"
"नाही."
पुन्हा हलवला, कानाजवळ धरून. चेहरा उतरला त्यांचा.
"भाऊ, कॅसेट हाये."
"तुयीच हाये. कुसुम, तो भोंगा..."
ताईंनी झाकण काढलं. मग म्हणाल्या, "लाव. कुठं वाजला ते ऐकू दे मले एकदा."
मुली गेल्या. दूध आटवत स्वयंपाकघरात हे लिहिते आहे. बाहेर दुसरी बाजू लागली आहे, दोघं टेपजवळ बसली आहेत. मला दारातून ताईंची पाठ तेवढी दिसते.
शेवटचं गाणं दुसऱ्यांदा सुरू झालं. आता "जमलं, बाई" येईल. दूध उतू चाललंय, जाऊ दे, मी उठत नाही.