पाय पसरून बसलेली बाई

आई, तुला लिहितेय, आणि तुझ्याबरोबर वाइंडिंग खात्यात दिवसभर उभ्यानं सूत गुंडाळणाऱ्या सगळ्या बायकांना. तुम्हाला त्या गिरणीत कुणी कधी बसू दिलं नाही. कुणी जरा टेकलीच, तर खात्यावर देखरेख करणारी नायकीण खेकसायची, "बसायला माहेरी आलीस काय गं?" हे तूच सांगायचीस, हसत. मला हसू यायचं नाही. आज तर संताप दुप्पट झालाय, कारण तुम्हाला बसू न देणारे आता आपलेच आहेत.

आपली लालबागची खोली आठवते. तू पाळीवरून येतेस, केसांत कापसाची पिंज. स्टोव्हकडे वळण्याआधी मोरीच्या भिंतीला पाठ लावून पाय लांब पसरतेस, लुगडं पोटऱ्यांपर्यंत ओढतेस, डोळे मिटतेस. मी शाळेच्या स्पर्धेचं भाषण हातवारे करत म्हणून दाखवतेय. तू डोळे न उघडताच म्हणतेस, "चेडवा, भाषान मगे कर, आधी तो पाट हय सरकव." मी तुझ्या सुजलेल्या टाचांखाली पाट सरकवते. पुढे मी परळपासून दादरपर्यंत मैदानं गाजवली, कपाटं भरतील इतकं वाचलं. पण श्रम म्हणजे काय, हे मला त्या पाटापाशीच कळलं होतं.

गिरणीच्या जागेवर आता बाग झालीय. तिथे गिरणीतल्या बाईचं शिल्प हवं म्हणून आम्ही समिती केली. अध्यक्ष आपल्या शेजारच्या खोलीतला दादा, तुझ्या हातची पेज खाऊन वाढलेला. पहिल्याच सभेत मी म्हटलं, या शहरात घोड्यावरचे पुतळे आहेत, तलवारीचे आहेत, बोट दाखवणारे आहेत. पाय दुखतात म्हणून बसलेलं माणूस एकही नाही. ते आपण करू. शिल्पकार मुलीनं मातीचा नमुना आणला. चौथरा नाही, जमिनीवरच पाय पसरून बसलेली बाई, आणि तिच्या शेजारी कुणीही बसावं म्हणून मोकळी जागा. तुझ्या खात्यातली एक म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि त्या मातीच्या टाचेवरून हात फिरवत राहिली. "अगो, ही आमचीच गो. पाय बघ कशे सुजलेत." सगळ्यांचे हात वर झाले. दादाचाही.

गेल्या आठवड्यात पडदा सरकला. उंच चौथऱ्यावर एक तरुण बाई उभी. पाठ ताठ, हातात उंच धरलेली सुताची बॉबिन, नजर आभाळात, भोवती लोखंडी कठडा. मी दादाला बाजूला ओढलं.

"ही कोण?"

"चिडू नकोस गं. वरून सांगणं आलं. बागेत फॅमिली येतात, पाय उघडे टाकून बसलेली बाई बरी दिसत नाही. मग त्या पोरीकडून बदलून घेतलं."

"मला न विचारता?"

"तुला काय विचारायचं? 'ताठ मानेनं उभ्या राहिलेल्या आमच्या आया', हे वाक्य कुणाचं? टाळ्या कुणी घेतल्या? तेच तर घडवलंय."

वाक्य माझंच होतं. पण आई, वरच्यांनी तुला कधी पाहिलं नव्हतं. यानं पाहिलं होतं. आपल्या उंबऱ्यावर बसून पेज भुरकताना तुझे ते पाय त्याच्या समोरच असायचे. एवढं बघूनही त्याला ते फक्त उघडे दिसले. आता ऊन असो, पाऊस असो, तुझी पाळी सुटायची नाही.

काल सकाळी मी एकटीच गेले, कठड्यासमोर जमिनीवर बसायचं ठरवून. चालायला आलेली माणसं बघायला लागली. मी पदर सावरला आणि उभीच राहिले.

हे पत्र तुला पोचायचं नाही, आणि पेटीत टाकायला मी ते लिहिलेलंही नाही. तुझ्या खात्यातल्या ज्या बायका अजून आहेत, त्यांना मात्र दारोदार जाऊन एवढंच सांगणार आहे: या रविवारी सकाळी बागेत या आणि तिच्यासमोर पाय पसरून बसा. पाट मी आणते. एकटीनं बसायची मला लाज वाटते.